बायाबाईचं अर्धं जाळं

भंडारा
३ जानेवारी २०२५

उषामावशी,

पाया पडायला तू समोर नाहीस, म्हणून कागदावरच वाकते.

तुझे कान गेल्यापासून फोनचा उपयोग नाही आणि भेटीचाही फारसा नाही. मागच्या महिन्यात आले तेव्हा मी विचारलं, जेवण बरं असतं का? तुझ्याआधी अख्ख्या व्हरांड्याने उत्तर दिलं. आज जे सांगायचं आहे ते व्हरांड्याने ऐकायचं नाही.

यंदा जिल्ह्यातल्या वृद्धाश्रमांची तपासणी माझ्या टेबलावर आली आहे. यादीत चौथं नाव लाखनीजवळच्या तुमच्या आश्रमाचं. परवानगी पुढे चालू ठेवायची की नाही, ते या तपासणीवर ठरतं. खरं म्हणजे मी साहेबांना सांगायला हवं होतं की तिथे माझी सख्खी मावशी राहते, दुसऱ्या कोणाला पाठवा. नाही सांगितलं. सांगितलं असतं तर त्यांनी विचारलं असतं की सख्खी मावशी तिथे कशाला राहते. आई गेल्यावर तू मला कोंढ्याला नेलंस, वाढवलंस, स्वतःच्या अंगणवाडीत पहिल्या रांगेत बसवलंस. आणि तुझे पाय थकले तेव्हा माझ्या दोन खोल्यांत तुझा पलंग मावला नाही. तू म्हणालीस, "मीच जातो, तू कायले जीव जाळतं." मी तुला जाऊ दिलं. हे साहेबांना कसं सांगू?

तर गुरुवारी, १६ तारखेला, मी येते आहे. न कळवता जायचं असा नियम आहे. तुला एवढ्यासाठीच कळवते की मला पाहून 'कामू' म्हणून हाक मारू नकोस. ओळख दाखवू नकोस. आणि त्याआधी मला खरं काय ते लिही. तिथे सगळं ठीक आहे ना? डिसेंबरात आले तेव्हा सकाळचे अकरा वाजले तरी निम्मी माणसं पलंगावर होती. थंडी म्हणून असेल असं तेव्हा वाटलं. आता रोज तेच डोळ्यासमोर येतं.

तुझी
कामिनी


लाखनी
८ जानेवारी २०२५

कामू,

तुझं पत्र पोस्टमनच्या हातून घेतलं. मी फाटकाजवळच्या पायरीवर बसलेली असते हे त्याला ठाऊक आहे, त्यामुळे माझी पत्रं ऑफिसात जात नाहीत.

मोठी झालीस, अधिकारी झालीस, पण भित्री ती भित्रीच. इथे सगळं ठीक आहे. सकाळी चहा, अकराला जेवण, संध्याकाळी पुन्हा जेवण. पुष्पाबाई स्वयंपाकही करते आणि आमचं हवं-नको तेही बघते. एकटी आहे, चिडते, पण मनाची वाईट नाही. व्यवस्थापक मंगेश दिसला की नमस्कार करतो. एकतीस माणसांना रोज नमस्कार करणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

माझ्या शेजारच्या पलंगावर बायाबाई आहे. तू तिला पाहिलंस, ती जाळं विणत बसलेली असते ती. तिचा जन्म तलावाच्या पाळीवर गेला. नवरा मासे धरायचा, ही जाळी विणायची आणि टोपली घेऊन विकायलाही जायची. आता मासे कोण धरतो? तरी विणते. मी विचारलं कोणासाठी, तर मला ओठांवरून कळावं म्हणून सावकाश म्हणाली, "हात रिकामा राह्यला का मले भेव वाटते." बांबूची सुई कमरेला खोचलेली असते, आंघोळीलासुद्धा काढत नाही. हल्ली जरा जास्त झोपते. वय झालं.

तुझ्या तपासणीची काळजी करू नकोस. अठ्ठावीस वर्षं मी अंगणवाडी चालवली, किती तपासण्या पाहिल्या त्याची मोजदाद नाही. सगळं व्यवस्थित होईल.

येताना ओळख दाखवणार नाही. पण स्वेटर घालून ये. सकाळी तलावाच्या पाळीवरून वारा येतो.

उषामावशी


भंडारा
१८ जानेवारी २०२५

मावशी,

परवा आमच्या तपासणीच्या कागदावरचे बेचाळीस रकाने भरले. बेचाळीसही चांगले. संडासात धरायला दांडा आहे, फरशी घासलेली, आग विझवायची टाकी भरलेली, औषधांचं कपाट कुलपात. औषधांच्या रजिस्टरमध्ये एकही खाडाखोड नाही. प्रत्येक पलंगावर नवी चादर, घडीच्या रेघा अजून मोडलेल्या नव्हत्या. तू पाचव्या पलंगावर बसून माझ्याकडे अशी पाहत होतीस की मी वीज मंडळाची माणूस आहे. इतकी छान अनोळखी झालीस की मलाच वाईट वाटलं.

मग मी माणसांना विचारायला लागले. त्रास आहे का? तर पहिले आजोबा म्हणाले, "जेवण वेळेवर, औषध वेळेवर, झोप चांगली." दुसऱ्या आजीही तेच. तिसऱ्यांनी तर मी तोंड उघडायच्या आधीच सुरुवात केली. मावशी, शब्द एकच आणि चालही एकच. शेवटचा शब्द जरा लांबवायचा, 'चांगलीऽ' असा. ती चाल मला पाठ आहे. पर्यवेक्षिका बाई येणार असली की तू आम्हाला आदल्या दिवशी ओळीने बसवायचीस. 'खिचडी रोज मिळतेऽ, हात धुतोऽ.' मी पहिल्या रांगेत होते. मी कशी विसरेन?

आणि बायाबाई नव्हती. मंगेशराव म्हणाले, संक्रांतीला कोंढ्याला भाच्याकडे गेली, राहील महिनाभर. तिच्या पलंगावर नवी चादर होती. खिळ्याला जाळं टांगलेलं आणि जाळ्यात बांबूची सुई खोचलेली. जी बाई आंघोळीला सुई काढत नाही, ती महिनाभर राहायला जाताना सुई टाकून जाते?

मी जाळं हातात घेतलं. वरचा भाग काय सुंदर विणलाय, एकेक गाठ दाण्यासारखी. हातभर खाली आलं की गाठी ढिल्या. काही सुटलेल्या, एका ठिकाणी तर गाठच नाही, नुसता दोरा पुढे नेलाय. नजर गेली असेल म्हणून मी ठेवून दिलं. बसमध्ये भंडाऱ्यापर्यंत तेच डोक्यात होतं.

अहवाल लिहून तयार आहे. 'परवानगी द्यावी' असं लिहिलंय. सही केली नाही. ५ फेब्रुवारीला द्यायचा आहे. मला सांग, तू त्यांना कळवलं होतंस का?

कामिनी


लाखनी
२२ जानेवारी २०२५

कामिनी,

हो, कळवलं. त्यात काय झालं? साहेब येणार हे कळलं तर माणसाने घर झाडून ठेवू नये का? आमच्या वेळी पर्यवेक्षिका बाई स्वतःच चार दिवस आधी निरोप धाडायची, उषाबाई, मी येते. म्हणजे मुलांची नाकं पुसून ठेवा. तू तारीख लिहिलीस, मला वाटलं तूही त्याचसाठी लिहिलीस. ओळख लपवायची म्हणून कोणी तारीख कळवतं का? मी मंगेशला सांगितलं, तपासणी आहे असं ऐकलं. कोणाकडून ते नाही सांगितलं. तो घाबरला, माझ्या पाटीवर लिहिलं, "आजी, तुम्हाला ह्यातलं समजते, तुम्हीच सांभाळा." मी सांभाळलं. चार दिवसांत बादल्या निघाल्या, चादरी आल्या, संडासातला दांडा बसला. तो दांडा आम्ही दोन वर्षं मागत होतो. तुझ्या बेचाळीस रकान्यांनी नाही बसवला, मी बसवला.

आणि पाठ घेतला, तो कशासाठी घेतला ते ऐक. सातव्या पलंगावर केवळराम आहेत. ते आधी दुसऱ्या एका आश्रमात होते, नवरा-बायको दोघं. तिथे तपासणी झाली, त्रुटी निघाल्या, आठ दिवसांत आश्रम बंद. तपासणाऱ्याने बरोबरच केलं असेल. पण पुरुषांना एका गावी टाकलं, बायकांना दुसऱ्या. केवळरामांची तुळसा तिकडे दीड महिन्यात गेली. त्यांना कळलं तेव्हा तेरवी झालेली होती. ते रोज मला विचारतात, "उषाबाई, आपला तर बंद नाही होत ना?" मला ऐकू येत नाही, पण हा प्रश्न मला त्यांच्या ओठांवर वाचता येतो.

तू सही कर. बायाबाई कोंढ्याला गेली आहे, ती बरी आहे. जाळ्याच्या गाठी तपासायला तुला सरकारने नेमलेलं नाही.

उषामावशी


भंडारा
२५ जानेवारी २०२५

मावशी,

तू रागावलीस की अक्षर मोठं करतेस. या वेळी कागदाच्या मागे उमटलंय.

तारीख लिहिण्यात चूक माझी. ती तुझ्यावर ढकलत नाही. पण आता मला अन्न गोड लागत नाही. फाइल उघडते, बंद करते. काल ऑफिसात दोनदा चहा मागवला आणि दोन्ही थंड करून ठेवले. केवळरामांचं वाचून तर आणखीनच. मी सही केली नाही तर कोणाची तुळसा जाईल, आणि केली तर कोण जाईल, हेच मनात फिरत राहतं.

एक सांगते. त्रुटी निघाली की आश्रम बंदच होतो असं नाही. व्यवस्थापक बदलता येतो, माणसं वाढवायला लावता येतात, तीस दिवसांची मुदत देता येते. तिथे आठ दिवसांत बंद केला, ते कोणी तरी टाळता येण्यासारखं असूनही टाळलं नाही. मी टाळेन. पण काय झालंय हेच मला माहीत नसेल तर कशाला मुदत देऊ?

माझा एकच प्रश्न आहे. कोंढ्यात बायाबाईचा भाचा कोण? नाव सांग. मी रविवारी बसने जाते, तिला बघते, तिची सुई देते आणि सोमवारी डोळे मिटून सही करते.

कामिनी


लाखनी
३१ जानेवारी २०२५

कामू,

पाच दिवस हा कागद घेऊन पायरीवर बसते आणि कोरा परत नेते.

कोंढ्यात जाऊ नकोस. बायाबाईचं तिथे कोणी नाही. मी अठ्ठावीस वर्षं त्या गावात घरोघर फिरले. तिचा भाचा तिथे असता तर लहानपणी त्याचं वजन मी केलं असतं. मंगेशने गावाचं नाव घेतलं तेव्हाच मला कळलं की हा खोटं बोलतो. आणि मी गप्प बसले. उलट तुला लिहिलं की ती बरी आहे.

आता सगळं लिहिते. दिवाळीनंतर दोन कामाच्या बाया सोडून गेल्या. पुष्पाबाई एकटी उरली. एकतीस माणसं, कोणाला उठवायचं, कोणाला बसवायचं, कोण हाका मारतो. तेव्हापासून संध्याकाळच्या जेवणानंतर सगळ्यांना एक पांढरी अर्धी गोळी सुरू झाली. मंगेश म्हणाला, ताकदीची आहे. मी जन्मभर गोळ्या वाटल्या. गिळली का बघायला बायकांची तोंडं उघडून पाहिली. ताकदीच्या गोळीने माणूस अकरा वाजेपर्यंत झोपत नाही. दोन दिवस घेतली, मग मी ती जिभेखाली धरून टाकून द्यायला लागले. मी वाचले. बाकीच्यांना सांगितलं नाही. गडबड झाली तर आश्रम बंद होईल, हेच डोक्यात.

रजिस्टरमध्ये खाडाखोड नाही म्हणतेस. अगं, मुलं सुट्टीवर असताना मी स्वतः घरी बसून वजनं भरलेली आहेत. घरी बसून भरलेल्या रजिस्टरातच खाडाखोड नसते. पण जाळं कोणाला घरी बसून भरता येत नाही. ढिल्या गाठी कुठे सुरू झाल्या ते पाहिलंस ना? ती दिवाळी आहे.

१३ तारखेला सकाळी बायाबाई उठली ती झोपेतच होती. न्हाणीच्या दाराशी पडली. पाय असा वाकडा पडला की मी दुसरीकडे पाहिलं. दोन दिवस तशीच पलंगावर होती. मला म्हणत होती, "उषाबाई, मले उभं कर." १५ तारखेला मंगेशने ऑटो बोलावला. दुसऱ्या दिवशी तू येणार होतीस. मी तारीख सांगितली नसती तर तू तिला पलंगावरच पाहिलं असतं.

पुष्पाबाईने काल पाटीवर लिहून दिलं, भंडाऱ्याला नेलं. कुठे ते तिलाही ठाऊक नाही. ती लिहिताना रडत होती.

या तीन रात्रींच्या तीन गोळ्या टाकल्या नाहीत, त्या या कागदाच्या पुडीत आहेत. तारखा घातल्या आहेत. त्या खऱ्या आहेत.

तिला शोध. मग माझं काय व्हायचं ते होऊ दे.

उषामावशी


भंडारा
५ फेब्रुवारी २०२५

मावशी,

बायाबाई सापडली.

तुझं पत्र सोमवारी आलं. मी फाइल तशीच उघडी टाकून उठले आणि सरकारी दवाखान्यात गेले. माझ्या ऑफिसातून चालत दहा मिनिटं लागतात. मी तुला पत्रं लिहीत होते, चहा थंड करत होते, तेव्हा ती दहा मिनिटांवर होती. स्त्रियांच्या वॉर्डात खिडकीजवळ. फाटकाशी कोणी तरी ऑटोतून उतरवून गेलं, एवढंच तिथल्या नर्सला माहीत. त्यांनी तिला आत घेतलं, पायाला वजन बांधलं. नाव विचारलं तर तिने तलावाचं नाव सांगितलं, म्हणून कागदावर पूर्ण नावाऐवजी तेच आहे. ऑपरेशनसाठी नात्यातल्या कोणाची सही हवी होती, कोणी आलं नाही. मी केली. नात्याच्या रकान्यात काय लिहायचं कळेना, 'भाची' लिहिलं.

तिचे हात रिकामे होते. चादरीचा काठ बोटांत घेऊन गाठी मारत होती.

मी जवळ बसले, म्हटलं, "बायाबाई, मी ऑफिसातून आली. काय त्रास आहे तुले?" मावशी, तिने माझ्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे पाहिलं. मग अंग सावरलं, जेवढं सावरता येतं तेवढं. आणि म्हणाली, "जेवण वेळेवर, औषध वेळेवर, झोप चांगलीऽ."

मी तिथे नीट बसू शकले नाही. बाहेर येऊन रडले.

काल साहेबांना सगळं सांगितलं. तू माझी मावशी आहेस ते, तारीख कळवली ते, पहिला अहवाल ते. मला कारणे दाखवा नोटीस मिळेल, तपासणीचं काम काढून घेतलं आहे. गोळ्या डॉक्टरांनी पाहिल्या, झोपेच्या आहेत. आज दुपारी दुसरे अधिकारी डॉक्टरांना घेऊन न कळवता तुमच्याकडे येतील. तुला पत्र मिळेल तोवर ते येऊन गेले असतील. मी मुदतीची शिफारस लेखी दिली आहे. व्यवस्थापक बदला, माणसं नेमा, कोणालाही हलवू नका. ती मानतील की नाही, ते आता माझ्या हातात नाही.

त्यांना तुझा लेखी जबाब लागेल. सगळं लिही. माझी तारीखसुद्धा. मला वाचवायला एकही ओळ गाळू नकोस.

कामिनी


लाखनी
९ फेब्रुवारी २०२५

कामू,

जबाब दिला. चार पानं झाली. तुझी तारीख पहिल्या पानावर आहे, मी ती मंगेशला सांगितली ते दुसऱ्या ओळीत. खाली सही केली आणि सवयीने 'सेविका' लिहून गेले. मग खोडलं. एक खाडाखोड आहे, असू दे.

बुधवारी ते दुसरे साहेब आले तेव्हा काय झालं ते तुला सांगायचं आहे. साहेब पहिल्या पलंगाशी उभे राहिले, काही विचारलं. मला ऐकू येत नाही, पण तोंडं हलायला लागलेली दिसली. पहिल्याचं, मग दुसऱ्याचं, सगळ्यांची सारखी. त्या १६ तारखेलाही मी हेच पाहिलं होतं आणि वाटलं होतं, किती छान म्हणतात. चाल कशी लागते ते मला कुठे ऐकू येत होतं. तुझ्या पत्रात वाचलं तेव्हा कळलं मी काय शिकवलं. पडलेल्या बाईनेही तेच म्हणावं, एवढं पक्कं शिकवलं. मला माझी लाज वाटते, कामू. जाळं, सुई, न्हाणी, काही बघवत नाही.

मी उठले. खोलीच्या मधोमध गेले आणि हात वर केला, अंगणवाडीत करायचे तसा. सगळी तोंडं मिटली. मग केवळराम बोलायला लागले. ज्या माणसाला बंद होण्याची सगळ्यात जास्त भीती, तोच. बराच वेळ बोलले. साहेब त्यांच्या पलंगावर बसून लिहून घेत होते.

मंगेश आता येत नाही. गोळी थांबली आहे. पुष्पाबाईच्या मदतीला दोन बाया आल्या आहेत, महिनाभराची मुदत मिळाली म्हणतात. त्यानंतर काय, कोणालाच माहीत नाही. सकाळी लोक लवकर उठतात, भांडतात, चहा गोड नाही म्हणतात. व्हरांडा भरलेला असतो.

जाळं साहेब पुरावा म्हणून घेऊन गेले. सुई मी दिली नाही, ती या पत्रासोबत पाठवते आहे. थोडा दोरा आहे. तिच्या हातात दे.

आणि तिच्याकडे जाशील तेव्हा ते ओळखपत्र काढून जा. तिला वाचता येत नाही, म्हणून चिठ्ठी देत नाही. कानाशी वाकून सांग, "उषाबाई म्हन्ते, शाळा सुटली. आता काय दुखते ते सांग."

ती जे सांगेल ते मला लिही. कितीही मोठं असलं तरी.

मावशी